सुटी चहा पावडर घेताय? आधी माप बघा

चहाच्या डेपोतून सुटी पावडर पहिल्यांदा घेताना शंभर ग्रॅमच घ्या. डबा उघडला की असा काही वास येतो ना, की माणूस अर्धा किलो बांधून घेतो आणि मग घरात कोणाला आवडत नाही, महिनाभर तोच ढोसत बसा.

नुसतं "चांगला चहा द्या" म्हणालात तर दुकानदार महागातला काढणार. दूध घालून उकळायचा असेल तर सरळ आसाम सीटीसी मागा, म्हणजे ते गोळीदार दाणे, आणि त्यात थोडी डस्ट, म्हणजे चहाची अगदी बारीक भुकटी, मिक्स करून घ्या. चव दाण्याची, रंग नि कडकपणा डस्टचा. आमच्याकडे तीन भाग दाणा एक भाग डस्ट चालतं, नुसती डस्ट आणली तर गाळणीतून खाली उतरते आणि शेवटचा घोट टाकावा लागतो. दार्जिलिंगची लांब पत्ती हे वेगळंच प्रकरण. मी एकदा हौसेने आणली, आलं-दूध घालून खळखळ उकळली, झालं, पैसे गेले आणि कपात गढूळ पाणी! ती दुधाशिवाय प्यायची, उकळी बसलेल्या पाण्यात तीन मिनिटं झाकून ठेवायची आणि लगेच गाळायची.

रंगाची शंका आली तर टिपकागदावर चिमूटभर पावडर पसरून पाणी शिंपडा, थोड्या वेळाने पावडर काढून कागद नळाखाली धुवा. काळपट तपकिरी डाग राहिला तर ते दुकान सोडा.

आता माप. माणशी एक चमचा म्हणतात, पण कोणाचा चमचा? मी किचनच्या काट्यावर वजन केलं, आमचा चमचा सपाट भरला तर सीटीसी अडीच ग्रॅम, शिगोशिग भरला तर चार! म्हणजे एकाच घरात एकाचा चहा कडू आणि दुसऱ्याचा पांचट. लांब पत्ती तर त्याच चमच्यात दीड ग्रॅमही मावत नाही, म्हणून ती वजनानेच घ्या, शंभर मिली पाण्याला दोन ग्रॅम. दुधाच्या चहाला कपाला अडीच ग्रॅम पुरतात, म्हणजे पाव किलोत शंभर कप, दोघांचा दोन वेळचा चहा धरला तर पंचवीस दिवस. आधीच संपली तर कोणीतरी शीग लावतंय.

पावडर स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, हिंग-मसाल्यापासून लांब. आणि मोजलेला तो चमचा डब्यातच ठेवून द्या, कोरडा, म्हणजे चहा कोणीही टाकला तरी माप तेच.