द्राक्ष निर्यात: कात्री लावण्याआधी वही उघडा, तीही एप्रिलच्या पानापासून

परतीचा पाऊस अजून पाय काढत नाही, निम्म्या बागांना कात्री लागली आहे आणि औषध दुकानांपुढे गाड्यांची रांग आहे. अशा धांदलीत फवारणीच्या नोंदवहीचा विषय काढला की बागायतदार वैतागतात. तरी सुरुवात तिथूनच करतो. डाऊनीने, म्हणजे केवड्याच्या रोगाने गेलेली बाग निदान डोळ्यांना दिसते. न लिहिलेल्या फवारणीने गेलेली बाग फेब्रुवारीपर्यंत हिरवीगार उभी असते, घड टपोरे असतात, व्यापारी भाव बोलून गेलेला असतो, आणि मग घडात उरलेल्या औषधाच्या अंशाचा प्रयोगशाळेचा अहवाल येतो.

तेव्हा आधी वही काढा आणि एप्रिल छाटणीपासूनची, म्हणजे नवी काडी वाढवणाऱ्या खरड छाटणीपासूनची पाने भरलेली आहेत का बघा. बहुतेकांची वही गोडी छाटणीच्या, म्हणजे फळासाठीच्या ऑक्टोबरातल्या छाटणीच्या दिवशी सुरू होते. त्याआधीचे सहा महिने कोरे.

फळ तर आता धरायचे, मग एप्रिल कशाला, असे विचारणाऱ्यांनी २०१० आठवावे. त्या हंगामात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे आपले सीसीसी, युरोपातल्या प्रयोगशाळांना सापडले. तिथली मर्यादा किलोला ०.०५ मिलीग्रॅम, आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत ते नावच नव्हते. कंटेनर तिकडच्या बंदरांत अडकले आणि कर्ज इकडच्या सातबाऱ्यावर राहिले. सीसीसी कोणी घडावर मारले नव्हते. खरड छाटणीनंतर फुटीचा जोर आवरायला मारलेले ते औषध काडीत मुरून बसले आणि पुढे मण्यात उतरले. आपण हंगाम दोन म्हणतो, वेल एकच असते.

आता हवामान, कारण ते थांबणार नाही. पोंगा ते दोडा, म्हणजे डोळा फुटण्यापासून कळीचा घड फुलण्याआधीपर्यंतच्या दिवसांत पाऊस झाला तर डाऊनी थेट कोवळ्या घडावर बसते आणि घड जिरतो किंवा कुजतो. माझा एक ठोकताळा आहे, पुस्तकात मिळणार नाही: सकाळी नऊ वाजताही तारेला थेंब लोंबत असतील आणि दुपारी उकडत असेल, तर पुढचे तीन दिवस बाग सोडून लग्नाला जाऊ नका. पानावर तेलकट डाग शोधत बसू नका, डाग दिसला म्हणजे उशीर झाला. पाऊस उघडला की पान सुकायची वाट बघून त्याच दिवशी फवारणी घ्या. वाफसा नसेल तर छाटणी चार दिवस पुढे ढकला. शेजाऱ्याने छाटली म्हणून आपण छाटायची, हा रोग डाऊनीपेक्षा जुना आहे.

नेहमीची कामे:

– छाटलेली काडी, पाला बागेबाहेर.
– छाटणीनंतर ओलांड्यावर (तारेवरच्या आडव्या फांदीवर), खोडावर १ टक्का बोर्डो: १०० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद, १ किलो चुना. विळा बुडवून बघा, तांबूस थर आला तर चुना वाढवा.
– पेस्टिंग (डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला औषध लावणे): हायड्रोजन सायनामाइड ५० टक्के, लिटरला ३० ते ४० मिली, थंडी असेल तर वरचा आकडा.
– थ्रिप्स (फुलकिडे): इमामेक्टिन बेंझोएट ५ एसजी, लिटरला ०.२२ ग्रॅम.
– भुरी: गंधक ८० टक्के डब्ल्यूडीजी, लिटरला २ ग्रॅम.
– फेलफूट (घड नसलेली फूट) वेळेवर काढणे, कॅनॉपी (पानांचा पसारा) मोकळी.

यातले प्रत्येक काम वहीत. बोर्डोसुद्धा. पेस्टिंगसुद्धा.

वहीवर एवढा जोर का, ते समजायला कागद आता कसा फिरतो ते बघा. पूर्वी निर्यातदाराचा माणूस बगलेत फाइल घेऊन कृषी कार्यालय, प्रयोगशाळा, कस्टम असा फिरायचा. कुठे आकडा चुकला तर खोडून बाजूला सही घेता यायची. अपेडाने, म्हणजे केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेने, २००६ मध्ये द्राक्षबागांच्या नोंदीसाठी ग्रेपनेट ही संगणक प्रणाली आणली, आज ती हॉर्टिनेटच्या छपराखाली चालते. तुमच्या प्लॉटला एकदा क्रमांक पडला की तोच क्रमांक पुढे जातो: प्रयोगशाळेच्या नमुन्यावर, पॅकहाउसच्या पेटीवर, अ‍ॅगमार्कच्या प्रतवारी दाखल्यात, फायटोच्या (मालावर कीडरोग नसल्याच्या दाखल्याच्या) अर्जात. शिपिंग बिल कस्टमच्या आइसगेट या संकेतस्थळावर भरले जाते, सोबतची कागदपत्रे तिथल्याच ई-संचितवर चढतात. कस्टमने १ एप्रिल २०१६ पासून स्विफ्ट नावाची एक खिडकी आयातीच्या बाजूने उघडली. एकच घोषणापत्र भरायचे, आणि प्लांट क्वारंटाइन, अन्नसुरक्षा अशा खात्यांना ते आतल्या आत पोचते. समुद्रापलीकडे युरोपचीही अशीच व्यवस्था आहे, ट्रेसेस. १४ डिसेंबर २०१९ पासून त्यांनी जवळपास सगळ्या ताज्या फळांना फायटोचा दाखला सक्तीचा केला. सुटली ती केळी, नारळ, खजूर, अननस आणि डुरियन एवढीच. शिवाय एका देशाच्या तपासणीत अंश सापडला की त्यांच्या इशारा यंत्रणेतून तो बाकीच्या देशांना कळतो.

सोय मोठी आहे, मी नाकारत नाही. न्हावा शेव्यात कागदासाठी कंटेनर रखडला की देठ तपकिरी पडायला लागतात. २०२४ च्या हंगामात लाल समुद्र टाळून जहाजे केप ऑफ गुड होपला वळसा घालून गेली, तेव्हा एकेक दिवसाची किंमत सगळ्यांना कळली.

पण खिडकी एक झाली, तसा नकारही एकदाच आणि सगळीकडे मिळू लागला. प्रयोगशाळेने नापास अहवाल चढवला की त्या प्लॉटचा माल युरोपसाठी पुढे सरकतच नाही. "साहेब, जरा बघा ना" म्हणायला समोर साहेबच नसतो. आणि गंमत अशी की एवढ्या साखळीत तुमच्या हातात दोनच गोष्टी असतात, नोंदणी आणि वही. बाकी सगळे दुसऱ्यांचे हात.

नोंदणीचे थोडक्यात. मुदत तालुका कृषी कार्यालयात आजच विचारा, शेवटच्या आठवड्यावर टाकू नका, तेव्हा संकेतस्थळ बैलगाडीच्या वेगाने चालते.

– सातबारा, आठ अ, आधार, बागेचा नकाशा.
– पहिल्या तिन्ही कागदांवर नाव अक्षर न् अक्षर सारखे.
– ई-पीक पाहणीत द्राक्ष नोंदलेले.
– क्षेत्र खरे. कमी लिहिले तर पॅकहाउसमध्ये तेवढ्याच क्षेत्राचा माल खपतो, बाकीचा त्या क्रमांकावर चढत नाही.
– वाटणी झाली असेल तर गट क्रमांक तपासून.
– जुना प्लॉट असला तरी नूतनीकरण.
– कृषी अधिकाऱ्याची ४ ब तपासणी (त्या नमुन्यातली बागेची पाहणी) झाली का, याची खात्री.

आता बाटल्यांकडे. एका बागायतदाराच्या नमुन्यात असे कीटकनाशक निघाले, जे त्याने उभ्या आयुष्यात विकत घेतले नव्हते. वही चोख होती, एक ओळ सोडून. दुकानदाराने "सेटिंगला भारी आहे, रेसिड्यू फ्री आहे" म्हणत हातात दिलेले टॉनिक. औषध नव्हे म्हणून लिहिले नाही, बिलावरही नुसते "टॉनिक". डबा कधीच भंगारात गेला होता. कशातून आले ते सिद्ध करायला हातात काही नव्हते, माल स्थानिक बाजारात गेला. तेव्हापासून माझा नियम असा की महागड्या बाटलीवर घटकांची नावे, टक्केवारी आणि परवाना क्रमांक नसेल तर ती बागेत येत नाही. बायोस्टिम्युलंट, म्हणजे अशी वाढीची टॉनिके, २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेशाखाली आले, म्हणजे विचारायचा हक्क तुमचाच आहे. दुकानदार घटक सांगायला कचरला तर उधारी कितीही गोड असो, उठून या. जैविक म्हणून विकलेल्या काही बाटल्यांबद्दलही मला शंका आहे. फवारल्यावर चार तासांत किडे टपाटपा पडत असतील, तर आत किडे मारणारी बुरशी नाही, दुसरेच काही आहे.

मर्यादा किती बारीक असते बघा. ज्या औषधाला युरोपने वेगळी मर्यादा दिलेली नाही, त्याला किलोला ०.०१ मिलीग्रॅम. एका टन द्राक्षात १० मिलीग्रॅम, चिमूटसुद्धा नाही. क्लोरपायरिफॉस २०२० पासून याच मर्यादेत बसवले आहे. उडद्या भुंग्यासाठी कोपऱ्यात ठेवलेला जुना डबा असेल तर यंदा त्याला हात लावू नका. भाड्याच्या ब्लोअरची (फवारणी यंत्राची) टाकी समोर उभे राहून धुऊन घ्या, कारण आदल्या दिवशी तो लोकल मालाच्या बागेत होता.

काढणीपूर्व काळ, पीएचआय, म्हणजे शेवटची फवारणी आणि काढणी यांत सोडायचे दिवस, मागून मोजा. छाटणी १० ऑक्टोबरला झाली आणि १२५ दिवसांनी काढणी धरली, तर तारीख येते १२ फेब्रुवारी. एखाद्या औषधाचा पीएचआय ५० दिवस असेल, तर त्याची शेवटची फवारणी २४ डिसेंबरला. हे दिवस दुकानदाराला विचारू नका. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची निर्यातीसाठीची यादी दरवर्षी नवी निघते, तीच धरा, गेल्या वर्षीची भिंतीवर चिकटवलेली फाडून टाका. माझे स्वतःचे मत विचाराल तर यादीतल्या आकड्यावर आणखी आठवडा सोडा. ढगाळ डिसेंबरात औषध विरायला वेळ लागतो असा अनुभव आहे.

वहीत काय लिहायचे: तारीख, प्लॉट क्रमांक, औषधाचे घटकनाव (कंपनीचे नाव पुरत नाही), प्रमाण, एकूण पाणी, कशासाठी, कोणी मारले, बॅच क्रमांक, पीएचआय. त्याच दिवशी. रविवारी बसून आठवड्याचे लिहिणारे लोक तारखा गोल करतात, आणि तपासणाऱ्याला ते पहिल्याच पानावर कळते.

एप्रिल ते सप्टेंबरची पाने कोरी असतील तर कल्पनेने भरू नका. दुकानाची बिले काढा, फवारणी करणाऱ्याला विचारा, मोबाइलमधले बाटल्यांचे फोटो बघा. सापडेल तेवढे लिहा, उरलेल्या जागी "नोंद नाही" लिहा. सीसीसी किंवा कुठलेही वाढ रोखणारे औषध वापरले असेल तर निर्यातदाराला आत्ताच सांगा. तो रागावेल, पण ऑक्टोबरात रागावेल. शंका असलेल्या प्लॉटचा नमुना मणी भरायला लागल्यावर स्वतःच्या खर्चाने आधी तपासून घ्या. नापास आला तर माल देशातल्या बाजाराला किंवा बेदाण्याला वळवायला तेव्हा वेळ असतो.

रिकामे डबे काढणी होईपर्यंत पोत्यात बांधून शेडमध्ये ठेवा, लेबल वाचता येईल असे. भंगारवाला आला तर त्याला मार्चनंतर यायला सांगा.