मागे वाकताना कंबर सांभाळा

मागे वाकायच्या आसनांत बहुतेकांचा सगळा वाक कंबरेच्या शेवटच्या दोन मणक्यांत येतो. छातीमागचे मणके बरगड्यांना जोडलेले, म्हणून ते मागे कमी वाकतात. दिवसभर खुर्चीत बसून जांघेचे स्नायू आखडलेले असतात, तेही सुटत नाहीत. उरते ती कंबर, आणि तिथेच लचक भरते. वाक कुठून येतोय हे स्वतःला दिसत नाही, म्हणून सुरुवातीला शिक्षक हवाच.

रामनगरचं जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळ असो की बागेतला सकाळचा वर्ग, नागपुरात शिकायला जागा आहेत. पहिल्याच दिवशी दुखणी विचारतो तो शिक्षक चांगला. नाही विचारली तरी आपण सांगायची: हर्निया, काचबिंदू, आटोक्यात नसलेला रक्तदाब, सरकलेला मणका, ठिसूळ हाडं, पोटाची ताजी शस्त्रक्रिया, गर्भारपण. यांत डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही आसनं नकोत.

पोट रिकामं हवं. जेवणानंतर चार तास जाऊ द्या, तर्री-पोहे वर्ग सुटल्यावर. डिसेंबरच्या गारठ्यात अंग मोकळं करायला पंधरा मिनिटं द्या, मे महिन्यात उन्हं चढायच्या आत उरका.

भुजंगासनापासून सुरू करा. पालथं झोपून तळवे छातीच्या बाजूला, कोपरं अंगाला लागून. पायांचे चवडे आणि ओटीपोट जमिनीत दाबा, मग श्वास घेत छाती पुढे ओढत वर या. बेंबी जमिनीलगतच राहू द्या. शिक्षक सांगेल, तळवे क्षणभर उचला. छाती खाली पडली तर समजा, पाठ काम करत नव्हती, हात ढकलत होते. दहा-पंधरा सेकंद, तीन वेळा, एवढं पुरे. मान मागे टाकायची हौस इथे आवरा.

मग शलभासन (पालथं झोपून पाय उचलणं) आणि सेतुबंधासन (पाठीवर झोपून, गुडघे मोडून कंबर उचलणं). सेतुबंधात गुडघे बाहेर फाकले तर मांड्यांमध्ये उशी धरा.

उष्ट्रासन भिंतीशी शिका. गुडघ्यांवर उभं राहून मांड्या भिंतीला टेकवा, हात कंबरेवर, छाती वर उचला आणि मगच मागे झुका. मांड्या भिंतीपासून सुटल्या तिथे थांबा; टाचा धरायची घाई करणाऱ्यांची कंबर इथेच मोडते. चक्रासन, म्हणजे हातापायांवर उलटी कमान, सगळ्यांत शेवटी, तेही मनगटं आणि खांदे तयार झाल्यावर. काहींना वर्ष लागतं, लागू द्या.

संपल्यावर लगेच पश्चिमोत्तानासनात, म्हणजे पाय पसरून पुढे वाकायच्या आसनात, झेपावू नका. गुडघे मोडून मिनिटभर पाठीवर पडा, नंतर हलका पीळ, मग पवनमुक्तासन, म्हणजे गुडघे पोटाशी घेणं.

स्नायू ताणला गेल्याचं दुखणं एक-दोन दिवसांत जातं. कंबरेत टोचलं, पायात मुंग्या आल्या किंवा चक्कर आली, तर आसन तिथेच सोडा आणि शिक्षकाला तेव्हाच सांगा. मुंग्या टिकल्या तर डॉक्टरांकडे जा.