सशाच्या शिकारीसाठी शॉटगन आणि काडतुसं घेताय? या चुका टाळा

मिशिगनमध्ये कॉटनटेल सशाचा मोसम १५ सप्टेंबरला उघडतो आणि ३१ मार्चपर्यंत चालतो. ऑगस्ट लागला की इथल्या मराठी मंडळींपैकी कुणाचा ना कुणाचा फोन येतोच, "पहिली शॉटगन घ्यायचीये, कुठली घेऊ?" मी उलट विचारतो, ससा तुझ्यापासून किती लांब असेल? बहुतेक जण चाळीस-पन्नास यार्ड सांगतात. प्रत्यक्षात तो पंधरा ते पंचवीस यार्डांवर असतो. काटेरी जाळीतून पायाजवळूनच उसळतो, नाहीतर बीगल कुत्री त्याला फेरा मारून परत आणतात तेव्हा समोरून येतो. पुढच्या बहुतेक चुका या अंतराच्या अंदाजातूनच होतात.

दुकानात जाण्याआधी कागदपत्रं

एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल तर हे नीट वाचा. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने अशा माणसाला बंदूक किंवा काडतुसं बाळगायला मुळात बंदी आहे. त्याला थोडे अपवाद आहेत, आणि अमेरिकेतला वैध शिकार परवाना जवळ असणं हा त्यातला एक. म्हणजे आधी परवाना, मग बंदूक. परवान्याची मुदत संपली की ही सूटही संपते, हे पुष्कळांच्या लक्षात राहत नाही. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. शंका असेल तर वकिलाला विचारा, मित्राला नको. शिवाय १ जानेवारी १९६० रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना मिशिगनमध्ये शिकार-सुरक्षेचा कोर्स लागतो. कोर्सशिवाय, अनुभवी शिकाऱ्याच्या सोबतीने शिकार करू देणाऱ्या अ‍ॅप्रेंटिस परवान्याची सोय आहे, पण कोर्स कराच. आणि गावाकडे सुट्टीला गेल्यावर हा नाद नको: १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने भारतात सशाची शिकार हा गुन्हा आहे.

चूक: "मोठं ते चांगलं"

माझी पहिली चूक हीच. बारा बोअरची बंदूक (बोअरचा आकडा जितका लहान, तितकी नळी रुंद), फुल चोक आणि तीन इंची मॅग्नम, म्हणजे जादा भाराची काडतुसं. पहिला ससा बारा यार्डांवर उठला. नेम बसला, पण हातात आलं ते खाण्याजोगं नव्हतं. मागचे पाय आणि कंबर यांचा चेंदामेंदा झालेला, मांसात हाडांचा चुरा. सव्वा-दीड किलोचा जीव, आणि तो मी वाया घालवला. ती रुखरुख अजून आहे.

फुल चोकमध्ये नळीचं तोंड आवळलेलं असतं, त्यामुळे छर्रे जास्त अंतरापर्यंत एकत्र राहतात. वीस यार्डांवर त्यांचा फेर साधारण सोळा इंचांचा, तर इम्प्रूव्हड सिलिंडर या सैल चोकमध्ये तो सव्वीस इंचांच्या आसपास असतो. अरुंद फेरात दोनच गोष्टी होतात: ससा साफ चुकतो, नाहीतर त्याचा चुराडा होतो. झुडपांत फिरायचं असेल तर इम्प्रूव्हड सिलिंडर लावा. कुत्र्यांबरोबर मोकळ्या रानाच्या कडेला उभं राहायचं असेल तर मॉडिफाइड, म्हणजे या दोन्हींच्या मधला. दुनळी असेल तर एका नळीला एक, दुसरीला दुसरा.

बोअरबद्दल माझं मत स्पष्ट आहे: नवख्याने वीस बोअर घ्यावी. वजनाला हलकी, दणका सोसवेल असा, आणि ७/८ औंस छर्ऱ्यांच्या काडतुसात ६ नंबरचे जवळपास दोनशे छर्रे मिळतात. सशाला एवढे भरपूर झाले. बारा बोअर घरात असेल तर तीही चालेल, फक्त एक ते सव्वा औंसाच्यामध्ये राहा. फोर-टेन (.४१० इंच नळीची, वीस बोअरहूनही बारीक) मात्र मुलांची किंवा नवशिक्यांची बंदूक म्हणून गळ्यात मारतात, ते चुकीचं आहे. अडीच इंची फोर-टेन काडतुसात अर्धा औंस शिसं, म्हणजे ६ नंबरचे सव्वाशेसुद्धा छर्रे नाहीत. फेर विरळ, त्यामुळे जखमी होऊन बिळात शिरणारे ससे जास्त. ती सरावलेल्या हातातच शोभते.

चूक: छर्ऱ्याचा नंबर उलटा समजणं

नंबर वाढला की छर्रा बारीक होतो. अमेरिकन मापाची एक सोपी खूण आहे: १७ मधून नंबर वजा करा, उरतील तेवढे शतांश इंच म्हणजे छर्ऱ्याचा व्यास. ६ नंबर म्हणजे ०.११ इंच, ४ नंबर म्हणजे ०.१३. इंग्लंडमधला ६ नंबर अमेरिकन ६ पेक्षा बारीक असतो, त्यामुळे तिकडचा सल्ला वाचून इथे खोकं उचलू नका.

सशासाठी शिशाचा ६ नंबर मला सगळ्यांत समतोल वाटतो. साडेसात नंबर दाट झुडपात जवळून चालतो, पण छर्रे बारीक आणि पुष्कळ, ते मांसातून वेचताना जीव जातो. पोलादी छर्रे वापरायचे असतील तर छर्रा दोन मापांनी मोठा घ्या, म्हणजे ६ नंबरऐवजी ४, कारण पोलाद शिशापेक्षा बरंच हलकं. कॅलिफोर्नियात जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाची काडतुसं चालत नाहीत, म्हणून तिकडच्यांना हे आधी कळायला हवं. जुन्या, घट्ट चोकच्या नळीतून मात्र पोलाद मारू नका, नळी फुगू शकते.

इथे जीव जाऊ शकतो

मला शिकवणारे शेजारचे म्हातारे शेतकरी. त्यांच्याकडे वडिलांच्या वेळची दुनळी होती. एकदा मी माझं तीन इंची काडतूस तिच्यात सरकवलं. आत सहज बसलं, म्हणून मी नळी मिटायला निघालो, तर त्यांनी माझं मनगट धरलं. नळीच्या बुडाशी बोट ठेवून कोरलेला आकडा दाखवला: पावणेतीन इंच.

काडतुसाची लांबी मोजतात ती उडाल्यानंतरची, तोंडाची घडी उलगडल्यावरची. न उडालेलं तीन इंची काडतूस आखूड असतं, म्हणून पावणेतीनच्या चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या बुडाशी काडतूस बसतं त्या खोबणीत, निमूट बसतं. बार काढला की घडी उलगडायला जागा नसते आणि दाब भलताच चढतो. काडतूस आत बसतं म्हणजे चालतं असं नाही. नळीवरचा आकडा वाचा, आणि आकडा दिसत नसेल तर बंदूक गनस्मिथला दाखवल्याशिवाय उडवू नका. नळीवर लाकडासारख्या लाटा दिसत असतील तर ती दमास्कस, म्हणजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या गुंडाळून केलेली जुनी, कमजोर नळी असेल. ती भिंतीवरच राहू दे.

दुसरा धोका खिशात असतो. वीस बोअरचं काडतूस बारा बोअरच्या चेंबरमधून पुढे घसरतं आणि नळीत अडकून बसतं. बंदूक रिकामी वाटते, माणूस मागे बारा बोअरचं भरतो, चाप ओढतो आणि नळी फुटते. म्हणूनच वीस बोअरची काडतुसं पिवळ्या रंगाची करतात. घरात दोन्ही बोअर असतील तर एका जाकिटात दोन्ही कधीच नकोत.

तिसरा म्हणजे बर्फ. पाय घसरला, नळीचं तोंड बर्फात रुतलं, तर तिथेच थांबा, काडतुसं काढा आणि नळीतून आरपार पाहा. बर्फाचा बोळाही नळी फुगवायला पुरेसा होतो.

नेम चुकतोय? आधी कागदावर बघा

सगळे बार सशाच्या मागे पडत असतील तर बहुधा चाप ओढताना तुमची बंदूक थांबते. ती सशाबरोबर फिरत ठेवा. बंदूक खांद्यात बसण्याआधीच अडकत असेल तर जाकीट बघा. उन्हाळ्यात टी-शर्टवर दस्त्याचं माप घेतलेलं असतं आणि डिसेंबरात अंगावर तीन थर असतात. एखादा इंच तिथेच जातो. दुकानात जाताना शिकारीचं जाकीट सोबत न्या, दुकानदार हसला तरी. पंप बंदुकीचा पुढे-मागे सरकणारा दांडा थंडीत जड चालत असेल तर जुनं घट्ट तेल पुसून काढा आणि अगदी पातळ हात द्या.

आणि हे कराच: मोठा कागद वीस यार्डांवर लावा, मध्ये वर्तमानपत्राचा सशाच्या आकाराचा तुकडा चिकटवा, एक बार काढा. असे प्रत्येक काडतुसाचे निदान तीन कागद. मग भोकं मोजा. एकाच चोकमधून दोन कंपन्यांचा ६ नंबर वेगळा पसरलेला दिसेल. तुकड्यावर पाच-सहा छर्रे सगळीकडे विखरून बसले तर काडतूस ठीक. एका बाजूला ससा मावेल एवढी मोकळी जागा दिसली तर ते खोकं मातीच्या चकत्या फोडायला वापरा.

सोलताना

हातमोजे घाला. सशांत टुलरेमिया हा जिवाणूंचा रोग असू शकतो आणि तो कातडीतून माणसाला होतो. सुस्त, न पळणारा ससा मारूच नका. यकृतावर पांढरे ठिपके दिसले तर मांस टाकून द्या. छर्रा शोधायची खूण म्हणजे केस: आत जाताना तो केसांचा झुबका सोबत ओढून नेतो. मांसात काळपट ठिपका आणि त्यातून डोकावणारे केस दिसले की चिमट्याने केस ओढा, पुष्कळदा छर्रा मागोमाग येतो. नंतर बोटांनी चाचपून बघा, मिठाच्या पाण्यात ठेवा आणि मगच कांदा-खोबऱ्याच्या वाटणात टाका. नीट शिजू द्या, आणि ताटात वाढताना मुलांना सांगा, हळू चावा.