रुग्णाला औषध कसं समजावावं: सीमाभागातल्या नर्ससाठी

सुरुवात पिशवीपासून करा. निपाणीचा माणूस कोल्हापूरला दाखवतो, अथणीचा मिरजेला, आणि मधे गावच्या डॉक्टरकडूनही गोळ्या आणतो. म्हणून घरातली सगळी औषधं मागवा आणि टेबलावर ओता. वेगवेगळ्या नावांच्या दोन पाकिटांवर बारीक अक्षरात ‘अ‍ॅम्लोडिपिन’च निघालं, तर बीपीची एकच गोळी दोनदा जातेय. आपल्या मनाने बंद करू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा.

मग भाषा विचारा. कन्नडमधलं ‘ऊटद नंतर’ (जेवणानंतर) मराठी माणसाला कळतं, कारण ‘नंतर’ दोन्हीकडचा. ‘ऊटक्के मुंचे’ (जेवणाआधी) म्हटलं की नुसती मान हलते. जेवणाआधी की नंतर, हे त्याच्या भाषेत सांगा. वाचता येत नसेल तर पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढा. चिठ्ठीवरचं १-०-१ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक, हे बोटांवर मोजून दाखवा. थायरॉईडची गोळी पहाटे नुसत्या पाण्याबरोबर. चहा अर्ध्या-एक तासाने. मेटफॉर्मिन मात्र भाकरीबरोबर.

आता मुख्य काम. ‘समजलं का?’ हा प्रश्न विचारूच नका. उत्तर ‘होय सिस्टर’ हेच येतं. मी कित्येक वर्षं तेच ऐकून समाधानी होते. त्यापेक्षा म्हणा, ‘आज्जी, मी नीट सांगितलं की नाही ते बघूया. घरी सुनेला कसं सांगाल?’ चुकलं तर चूक आपल्याकडे घ्या आणि पुन्हा सांगा. सून सोबत असेल तर तिलाही बोलतं करा, गोळ्यांचा डबा तीच भरते.

इन्सुलिन तर हातानेच करून घ्या. बाटलीवर ४० लिहिलंय की १०० (एका मिलीत किती युनिट) ते पाहून सिरिंज तीच हवी: ४० ची लाल टोपणाची, १०० ची केशरी. ४० च्या बाटलीतलं औषध १०० च्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत ओढलं, तर पोटात जातात फक्त ८ युनिट. उलट, १०० चं औषध ४० च्या सिरिंजने तेवढंच ओढलं तर ५०, आणि ते जिवावर बेततं. फ्रिज नसेल तर बाटली कोरड्या डबीत घालून मातीच्या मडक्यात, ओल्या वाळूच्या गारव्यात ठेवायला सांगा. बर्फात कधीच नको.

विसरलेल्या गोळीसाठी पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत, एवढं पुरे.

शेवटी उपवास विचारा. आपणहून कुणी सांगत नाही. शुगरची गोळी घेणाऱ्याने संकष्टीला तिचं काय करायचं, हे आधीच डॉक्टरांकडून लिहून घ्या. चंद्रोदय उशिरा असला की घाम फुटतो, हातपाय थरथरतात, आणि घरचे ‘उपवासाचं आहे’ म्हणून सोडून देतात. माणूस शुद्धीवर असेल तर लगेच साखरपाणी द्यायचं, उपवास मोडला तरी चालेल, हे आज्जीच्या देखत सुनेला सांगून ठेवा.