कारखान्याच्या माहितीपटाचं रीळ सापडलं, आता पुढे?

साखर कारखान्याचं जुनं गेस्ट हाऊस, जिल्हा परिषदेचं भांडार, निवृत्त विस्तार अधिकाऱ्याच्या वाड्यातली अडगळीची खोली. मराठवाड्यात सोळा एमएमच्या फिल्मचे गंजलेले डबे बहुतेक अशाच ठिकाणी निघतात. डबे निघाले की कुणीतरी म्हणतंच, "प्रोजेक्टर मिळतोय का बघा, लावून तर बघू काय आहे ते." हा सल्ला देणाऱ्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. पन्नास वर्षं बंद असलेली फिल्म तपासणी न करता प्रोजेक्टरवर चढवली, तर ते तिचं शेवटचं चालणं ठरू शकतं.

आधी काय हाती घ्यायचं ते ठरवा. डब्यांत साधारण दोन जाती असतात. एक फिल्म्स डिव्हिजनची. १९४८ साली सुरू झालेल्या या सरकारी संस्थेचे माहितीपट मराठीसह अनेक भाषांत निघत. थिएटरवाल्यांना मुख्य सिनेमाच्या आधी ते दाखवावेच लागत, आणि सोळा एमएमच्या प्रती प्रसिद्धी खात्याच्या गाड्यांतून गावोगाव फिरत. त्यांच्या प्रती भरपूर निघाल्या. संस्था २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात (एनएफडीसी) विलीन झाली, तरी तो संग्रह बघणारं कुणीतरी आहे. दुसरी जात प्रायोजित. कारखान्यानं, सूतगिरणीनं, बँकेनं, बियाणं विकणाऱ्या कंपनीनं पैसे मोजून करून घेतलेली. हिच्या प्रती मोजक्याच निघायच्या, आणि तुमच्या हातातली शेवटचीही असू शकते. लोक हिला "चेअरमनची जाहिरात" म्हणून हिणवतात. आहेच जाहिरात. पण मोळी टाकणाऱ्या चेअरमनच्या मागे गव्हाणीपर्यंत लागलेली बैलगाड्यांची रांग दिसते, ऊसतोड कामगारांच्या कोप्या दिसतात, बॉयलर अग्निप्रदीपनाला आलेल्या बाया कोणत्या काठाची लुगडी नेसल्यात ते दिसतं. हे दुसरं कुणी चित्रित करून ठेवलेलं नाही. म्हणून आधी ही जात.

डबे पत्र्याच्या शेडमधून त्याच दिवशी हलवा. डब्यावरच्या चिठ्ठ्या, आतल्या पावत्या, दोरे, काहीही फेकू नका. डब्यावर लिहिलेलं आणि आत निघालेलं यांचा मेळ बसेलच असं नाही, तरी चिठ्ठीचा फोटो काढून ठेवायचा.

आता डबा उघडा आणि वास घ्या. चायनीजच्या गाडीवर येतो तसा शिरक्याचा आंबट वास आला, तर फिल्मचा पाया, म्हणजे चित्राचा थर ज्यावर असतो ती ॲसिटेट प्लास्टिकची पारदर्शक पट्टी, कुजायला लागलाय. यातून निघणारं आम्ल पुढची कूज वाढवतं, आणि बंद डब्यात ते कोंडून राहतं. अशी रिळं बाकीच्यांपासून वेगळी काढा, हवा खेळेल अशा प्लास्टिकच्या डब्यात ठेवा आणि कामाच्या यादीत सगळ्यात वर घ्या. ताज्या ॲसिटेट फिल्मला २१ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता मिळाली, तर हा वास यायला साधारण ४० वर्षं लागतात असा अंदाज मांडला जातो. आपल्याकडचा मे महिना ४० अंशांच्या वर जातो, त्यामुळे तेवढी मुदत गृहीत धरू नका. सोळा एमएमला एक दिलासा आहे. ती पहिल्यापासून 'सेफ्टी' फिल्म म्हणूनच निघाली, पेट घेणारी नायट्रेट नव्हे. पस्तीस एमएमचा १९५० च्या आसपासचा किंवा त्याआधीचा डबा निघाला तर मात्र हात लावू नका, सरळ पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाशी बोला.

हातानं तपासणी ही खरी अवघड पायरी. लोक ती टाळतात, कारण तिथे वेळ जातो आणि बघायला काही मिळत नाही. मलाही सगळ्यात जास्त हिनंच छळलंय. लागतं काय? दोन हातरहाट (रीळ हातानं उलगडायचे-गुंडाळायचे), मध्ये दुधी काचेखाली दिवा, लिंट न सुटणारे हातमोजे, भिंग आणि एक मीटरची स्टीलची पट्टी. चमकदार बाजू पायाची, मंद बाजू चित्राच्या थराची. शंका आली तर फिल्मच्या अगदी टोकाला ओलसर ओठ लावा, चिकटते ती चित्राची बाजू.

पहिलं मोजमाप आकसण्याचं. सोळा एमएमच्या प्रिंटवर एका छिद्रापासून दुसऱ्या छिद्रापर्यंतचं अंतर ७.६२ मिलिमीटर असतं, आणि दर फ्रेममागे (एका चित्रामागे) एक छिद्र, म्हणजे १०० फ्रेम बरोबर ७६२ मिलिमीटर भरायला हव्यात. कॅमेऱ्यातून निघालेली मूळ फिल्म असेल तर ७६०.५ धरा. फिल्म टेबलावर न ताणता पसरा, १०० फ्रेम मोजा, पट्टी लावा. ७५४ च्या आसपास भरली तर ती एक टक्का आकसली. त्यापुढे प्रोजेक्टरचं नावही काढायचं नाही, कारण त्याचे दात छिद्रांत नीट बसत नाहीत आणि कडा फाडत जातात. दोन टक्क्यांच्या पुढे गेली तर दातेरी चक्र नसलेला स्कॅनर आणि तो चालवणारा जाणकार माणूस, दोन्ही लागतील. मोजमाप सुरुवातीला, मधे आणि शेवटी असं तीनदा घ्या. बाहेरचे वेढे आणि आतले वेढे सारखे आकसत नाहीत. एकाच ठिकाणी मोजून "ठीक आहे" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

दुसरी अडचण चिकटलेल्या वेढ्यांची. पावसाळ्यात ओल शिरलेली रिळं हमखास अशी असतात. रहाट सावकाश फिरवायचा आणि कान उघडे ठेवायचे. वेढे सुटताना बारीक कडकड ऐकू आली की तिथेच थांबा. तो आवाज चित्राचा थर पायापासून निघताना येतो. "जरा जोर लावा, सुटेल" हा सल्ला इथे सगळ्यात महागात पडतो. पाणी, वाफ, ओलं फडकं, काहीही लावायचं नाही. बुरशीनं खाल्लेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं आणि चित्र फडक्यावर येतं. असं रीळ सिलिका जेलसोबत कोरड्या खोलीत काही आठवडे ठेवा आणि मग परत कान लावून प्रयत्न करा. तरीही सुटत नसेल तर तज्ज्ञाकडे पाठवा. हे काम मी दिवाळी ते होळी एवढ्याच काळात करतो. पावसाळ्यात डबा उघडतच नाही, आणि उन्हाळ्यात फिल्म इतकी कडक होते की जोडापाशी मोडते.

जोडांबद्दल. जुने सिमेंटचे (फिल्म जोडायच्या द्रवाचे, बांधकामाच्या नव्हे) जोड सुकून उघडतात. ते खरवडून पुन्हा फिल्म सिमेंटनं जोडा. फाटलेल्या छिद्रांना छिद्रं असलेली फिल्मची टेप मिळते, तीच वापरा. स्टेशनरीच्या दुकानातली सेलोटेप लावली तर तिचा डिंक उन्हाळ्यात पाझरून शेजारच्या वेढ्याला चिकटेल. रीळ आडवं धरून उजेडाकडे बघा. कडेतून उजेड आरपार आला तर तिचा पाया ॲसिटेटचा नाही, पॉलिएस्टरचा, तिला सिमेंट धरत नाही, टेपच हवी.

आणि खराब फ्रेम कापायच्या नाहीत. सोळा एमएमवर आवाजाची पट्टी तिच्या चित्राच्या २६ फ्रेम पुढे छापलेली असते. तुम्ही इथल्या चार फ्रेम उडवल्या, की एका शॉटचं चित्र जातं आणि दुसऱ्याच शॉटमधल्या निवेदकाचं अक्षर गळतं. "जरा साफ करून दिलं" म्हणून अभिमानानं परत आणून दिलेली रिळं बघितली की माझं डोकं फिरतं.

तपासतानाच दोन गोष्टी टिपा. एक, सुरुवातीचं सेन्सॉर प्रमाणपत्र. त्यावर तारीख, अर्जदार आणि फिल्मची लांबी असते. सोळा एमएमचं ४०० फुटांचं रीळ २४ फ्रेमच्या गतीनं साधारण ११ मिनिटं चालतं. प्रमाणपत्रावरची लांबी आणि तुमची लांबी यांत फरक निघाला, तर तेवढा तुकडा हरवलाय. दुसरी गोष्ट, कडा. कडा काळी, तिच्यावरची अक्षरं उजळ आणि शॉटगणिक जोड असतील, तर ती बहुधा रिव्हर्सल फिल्म, म्हणजे तीच मूळ. तिची निगेटिव्ह कधी नव्हतीच. असं रीळ कुरियरनं पाठवू नका, स्वतः घेऊन जा.

स्कॅनिंग पैसे देऊन करून घ्या. भिंतीवर पाडून मोबाईलवर काढलेलं स्कॅनिंग नव्हे. सोळा एमएमला २के (सुमारे दोन हजार पिक्सेल रुंद चित्र) पुरतं. दर फ्रेमची वेगळी डीपीएक्स फाईल (न दाबलेलं पूर्ण दर्जाचं चित्र) मागा, ११ मिनिटांना जवळपास २०० जीबी लागतील. वर बघायला एमपी४. रंगीत फिल्म गुलाबी झाली असेल तर घाबरू नका, निळसर रंगद्रव्य उडालंय, स्कॅननंतर बरंच सावरता येतं. सावरण्याआधीची प्रत मात्र तशीच ठेवायची. तीन प्रती, दोन गावांत.

रिळं ठेवायची कुठे, यावर एक हुशार सल्ला नेहमी येतो: फळांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये. थंडी बरोबर आहे, पण मोसंबी सुकू नये म्हणून तिथली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर ठेवतात आणि फिल्मला ३० ते ५० लागते. बुरशीला याहून चांगली सोय नाही. त्यापेक्षा एक साधा फ्रॉस्ट-फ्री फ्रिज घ्या. कोरड्या दिवशी रीळ दोन झिप पिशव्यांत घालून आत ठेवा, आणि बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नका. डांबर गोळ्या नकोत.

वाटप करण्याआधी हक्क बघा. यात लोक उगाच घाबरतात किंवा उगाच बिनधास्त असतात. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ नुसार, मोबदला देऊन करून घेतलेल्या चित्रपटाचा पहिला मालक तो करून घेणारा असतो, वेगळा करार नसेल तर. म्हणजे मुंबईचा निर्माता हयात नसला तरी बिघडत नाही, कारखान्याच्या संचालक मंडळाचा ठराव घ्या. मुदत प्रकाशनाच्या पुढच्या वर्षारंभापासून ६० वर्षं. १९६२ मध्ये दाखवलेली फिल्म २०२२ अखेर मोकळी झाली. कारखाना अवसायनात असेल तर अर्ज अवसायकाकडे. पार्श्वसंगीतात सिनेमातलं गाणं उचललेलं असेल तर त्याचे हक्क वेगळे, तेवढा भाग ऑनलाइन मुका करावा लागतो.

ऑनलाइन टाकताना पूर्ण फिल्म टाका, रील्स पाडू नका, मधोमध स्वतःचं नाव छापू नका. वर्णनात गाव, तालुका, कारखाना, हंगाम देवनागरीत लिहा. एक अपवाद आहे. कुटुंबनियोजनाच्या शिबिरांच्या किंवा कुष्ठरोग वसाहतींच्या फिल्ममध्ये रुग्णांचे चेहरे स्पष्ट असतात. कॅमेऱ्याला कुणी त्यांची परवानगी विचारली असेल, असं मी धरत नाही. अशा फिल्म मी अभ्यासकांना समोर बसवून दाखवतो, इंटरनेटवर टाकत नाही.

गावात दाखवताना पहिल्या रांगेत चेअरमनच्या नातवंडांना नको, कारखान्यातल्या निवृत्त कामगारांना, म्हणजे पॅनमन, फिटर आणि स्लिपबॉय यांना बसवा. आवाज बंद करून एकदा चालवा आणि त्यांचं बोलणं रेकॉर्ड करा. निवेदक ज्यांना "श्रमिक बांधव" म्हणून मोकळा होतो, त्यांची नावं, गावं आणि मुकादम ही मंडळी सांगतात. मिनिट आणि सेकंद टाकून ते सगळं यादीत चढवा.

शेवटी मूळ रिळं पुण्याच्या संग्रहालयाकडे द्यायची ठरली, तर देणगी की ठेव, ते कागदावर आधी ठरवा. ठेव असेल तर स्कॅनची प्रत कारखान्याला आणि तालुक्याच्या महाविद्यालयाला मिळेल, हे त्याच कागदात लिहून घ्या. रिळांबरोबर तुमचा आकसण्याचा तक्ता आणि डब्यांवरच्या चिठ्ठ्याही द्या.