हनफी पद्धतीने वारसांचे हिस्से कसे काढावेत

घरातले माणूस गेल्यावर 'कोणाला किती' हा प्रश्न लगेच निघतो. सुन्नी मुस्लिमांच्या हनफी या विचारशाखेच्या कायद्यात मात्र तो सर्वांत शेवटी येतो. हा कायदा वडिलोपार्जित आणि स्वकष्टार्जित असा भेद मानत नाही व जन्मतःच कोणाला हक्कही देत नाही, म्हणून मयताच्या मालकीचे जे काही होते ते सगळे एकाच यादीत लिहावे. त्यातून आधी दफनविधीचा खर्च आणि मग कर्ज वजा करावे. पत्नीचा थकलेला मेहर (निकाहात पतीने तिला देऊ केलेली रक्कम) हेही कर्जच असते; 'ती काय, घरातलीच' म्हणून तो वगळण्याची चूक सर्रास होते. त्यानंतर वसियत, म्हणजे मृत्युपत्र, पाहावी. ती उरलेल्या मिळकतीच्या एक तृतीयांशापर्यंत चालते, आणि वारसाच्याच नावे असेल तर इतर वारसांनी मृत्यूनंतर संमती दिली तरच.

समजा, हे सगळे फेडून ४८ लाख रुपये उरले, आणि मागे पत्नी, आई, दोन मुलगे व एक मुलगी आहेत. अपत्ये असल्यामुळे पत्नीला १/८, आईला १/६. मिळकतीचे २४ भाग केले तर त्यांचे ३ आणि ४ जातात व १७ उरतात. पण मुलाला मुलीच्या दुप्पट या हिशेबाने त्यांचे पाच वाटे करायचे असल्याने ते नीट भागत नाहीत. म्हणून एकूण भाग १२० धरावेत, म्हणजे एक भाग ४०,००० रुपयांचा होतो. पत्नीला १५ भाग (६ लाख), आईला २० (८ लाख), प्रत्येक मुलाला ३४ (१३.६ लाख) आणि मुलीला १७ (६.८ लाख).

वडिलांच्या हयातीतच वारलेल्या मुलाची मुले, त्यांचा एखादा चुलता जिवंत असेल तर आजोबांचे वारस ठरत नाहीत. नियम कठोर वाटतो खरा, पण आजोबांना हयातीत हिबा (बक्षीस) करून किंवा वसियतीने त्यांची सोय लावता येते.

बँकेतल्या नॉमिनीला मालक समजू नये. पैसे त्याच्या हाती आले तरी ते वारसांचेच. सातबारावरील वारस नोंदीच्या अर्जात मुलीचे नाव न चुकता लिहावे. तिला हिस्सा सोडायचाच असेल तर तिचा आकडा आधी तिला सांगावा आणि मगच हक्कसोडपत्र नोंदवावे. दुखवट्याच्या दिवसांत कोऱ्या कागदावर तिची सही घेऊ नये.