इंदूरात पोरांना किती जपायचं आणि गावी किती मोकळं सोडायचं

रामबाग, सुदामानगरमधली आपली मंडळी आठ वर्षांच्या पोराला कोपऱ्यावरून दही आणायला एकटं पाठवत नाहीत, आणि तेच पोर सुट्टीत देपालपूरकडे काकांच्या शेतावर गेलं की दिवसभर कुठे आहे कुणी विचारत पण नाही. माझ्या मते हे अगदी उलटं चाललंय.

शहरात व्हॉट्सअ‍ॅपवर मुलं पळवणाऱ्यांचे मेसेज फिरतात, पण रोजचा धोका गाड्यांचा. मग आधी रस्ता शिकवा. आठवडाभर दुकानात जाताना पोराला पुढे चालू द्या, तुम्ही मागे, आणि नुसतं बघा की तो दोन्हीकडे बघतो का, कारण इथे वनवेला पण राँग साईडने कोणीतरी येतंच भिया! जमलं की एकट्याला पाठवा, खिडकीतून हाका मारू नका. अ‍ॅक्टिवाला मात्र सरळ नाही म्हणा. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं ते 50 सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं, अ‍ॅक्टिवा शंभरच्या वर. 2019 पासून अल्पवयीन पोराने अशी गाडी चालवायचा गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला 25,000 दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

गावी पोचल्यावर चहा नंतर, आधी पोरांना घेऊन शेताला एक चक्कर मारा. बिनकठड्याची विहीर, मोटरची उघडी वायर, विजेची डीपी, थ्रेशर, सगळं दाखवून इथपर्यंतच यायचं असं सांगा. बंद पडलेला बोअर दिसला तर काकांना वाईट वाटलं तरी बोला, नुसता दगड किंवा पोतं ठेवून चालत नाही, पक्कं झाकण पाहिजे, सुप्रीम कोर्टाने 2010 मध्येच तसं बजावलंय आणि एमपीत 2024 मध्ये वेगळा कायदा पण झालाय.

पावसाळ्यात सोयाबीन वाढलं की साप. अंधारात बूट, टॉर्च, आणि झोपायला खाट आणि नीट खोचलेली मच्छरदाणी, कारण मण्यार रात्री चावते आणि कधी कधी कळत पण नाही. चावलाच तर कापू नका, आवळून बांधू नका, झाडफूकवाल्याकडे वेळ घालवू नका, पोराला चालवू नका, हात-पाय न हलवता अँटीव्हेनम असलेल्या सरकारी दवाखान्यात न्या. कुठल्या दवाखान्यात आहे ते निघायच्या आधीच फोन करून विचारून ठेवा.

एका बाबतीत गाव-शहर काही फरक नाही. लैंगिक छळाच्या बहुतेक केसमध्ये आरोपी ओळखीचाच असतो, त्यामुळे "अनोळखी माणसाशी बोलू नको" एवढं पुरत नाही. कुणाच्या मांडीवर बसायला नको वाटलं तर पोराने नाही म्हणावं, आणि तेव्हा आजीने "अरे काका आहेत, असं करू नये" म्हणू नये, हे आजीला आधीच सांगून ठेवा. आणि आई-बाबांचा नंबर आणि मुलांच्या हेल्पलाइनचा 1098 तोंडपाठ करून घ्या, मोबाईलमध्ये सेव्ह आहे म्हणून सोडू नका.